चिकटवलेलं शेवटचं पान

माझ्या धाकट्या बहिणीचा उभा फोटो आमच्याकडे नव्हता. ती गेल्यावर हे लक्षात आलं.

फोटो तसे पुष्कळ होते. माझ्या लग्नात ती पुढच्या खुर्चीवर बसलेली, मांडीवर कुणाचं तरी मूल. मामेभावाच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, सतरंजीवर, बायकांच्या घोळक्यात. शाळेच्या फोटोत अगदी खालच्या रांगेत, मांडी घालून. तिला कुणी कधी दटावून बसवलं नाही. फोटो काढायची वेळ आली की आईच खुर्ची ओढायची, "बस वो बाई, थकशील" म्हणायची, आणि ती बसायची. कॅमेरा हटला की उठायची.

लहानपणी तिला पोलिओ झाला होता. डावा पाय बारीक राहिला आणि त्या गुडघ्यात जोर आला नाही. पाऊल टाकताना ती डाव्या हाताने मांडी गुडघ्याच्या जरा वर दाबायची, म्हणजे पाय वाकत नसे. मग दुसरं पाऊल. कुबडी तिला आवडली नाही. तिच्या प्रत्येक कुर्त्याचा त्या जागचा रंग उडालेला असे, आणि आई आतून ठिगळ लावून देई. पिशवी नेहमी उजव्या हातात. बांधावरून येताना चेहरा दिसायच्या आधी तिची चाल दिसायची. आम्ही दोघी बरोबर असलो आणि पायऱ्या आल्या की मी दुसरीकडे पाहायची. तिला अवघड वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती तापाने गेली. आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. मी ब्रह्मपुरीला शाळेत मराठी शिकवते. म्हणून पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाच्या, फ्लेक्सचं काम माझ्याकडे आलं. आईने एकच सांगितलं होतं, की फोटोत ती अर्धी नको, पुरी पाहिजे.

फोटोवाल्याकडे मी साक्षगंधातला फोटो दिला. त्याने त्यातून तिचा चेहरा वेगळा काढला आणि म्हणाला, "ताई, बॉडी लावून देतो." त्याच्या कॉम्प्युटरवर तयार अंगं होती, एकाखाली एक. कोट घातलेली, पागोटं बांधलेली, पैठणी नेसलेली. माणूस गेल्यावर घरातले जो फोटो घेऊन येतात तो बहुधा आधार कार्डासारखा, गळ्यापर्यंतचाच असतो. म्हणून हे सगळीकडे चालतं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मी पांढऱ्या साडीतलं एक निवडलं. थोड्या वेळात माझी बहीण माझ्यासमोर उभी होती. हात जोडलेले, खांदे एका रेषेत, साडीच्या काठाखाली दोन सारखी पावलं. त्याने विचारलं, कसं वाटतं. मी म्हणाले, छान आहे.

नुसतं म्हणाले असते तर निराळं. मला ते खरंच छान वाटलं. आईने फ्लेक्स पाहिला तेव्हा ती रडली, आणि रडताना म्हणाली, "पाह्य, कशी दिसून राह्यली." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

पुण्यानुमोदनाला आमच्याकडे गेलेल्याच्या नावाने काहीतरी दान देतात. कुणी विहाराला पंखा देतं, कुणी सतरंज्या, कुणी शाळेतल्या पोरांना वह्या. तिच्या नावाने पुस्तकंच द्यायची, यावर घरात दुमत नव्हतं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी मोठ्यांचं ग्रंथवाचन असतं. धानाच्या रोवणीहून आलेल्या बायका हातपाय धुऊन, चिखलाने फाटलेल्या बोटांना तेल लावून येऊन बसतात. त्याच्या आधी एक तास बहीण गावातल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. पुढे तो तास वर्षावासापुरता राहिला नाही, बाराही महिने चालू लागला. भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा तिने या मुलांच्या पुस्तकांसाठी मागून घेतला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तो कप्पा आवरायला घेतला. पुस्तकं वाचून वाचून मऊ झालेली होती, कोपरे गोल झालेले. त्यातल्या सात-आठ पुस्तकांचं शेवटचं पान मागच्या कव्हराला चिकटलेलं होतं. ओल लागली असणार, असं मला वाटलं. पुस्तकांची अशी आबाळ पाहून मला तिचा थोडा रागही आला. मी ठरवलं की ही सगळी पुस्तकं नवी कोरी आणायची, शिवाय आणखी काही घालायची. आणि निवडताना एक गोष्ट पाळायची. ज्यात तिच्यासारखी मुलं आहेत अशीच पुस्तकं घ्यायची.

हे सोपं असेल असं मला वाटलं होतं. अपंग मूल असलेली गोष्ट मराठीत कमी नाही. मी नागपूरला गेले, पुस्तकांच्या दुकानांत तासन्‌तास उभी राहून वाचलं, आणि मला हळूहळू घाम फुटू लागला. लंगडी मुलगी असली तर शेवटी ती धावत होती. आंधळा मुलगा असला तर त्याचा गळा गोड असायचाच, आणि पुष्कळदा तो इतरांना वाचवताना मरायचा. कुबड असलेली म्हातारी असली तर ती पोरं पळवायची. मोठ्या मुलांच्या पुस्तकांत कुणी बरं होत नव्हतं, पण पदक तरी मिळवत होतं, डोंगर तरी चढत होतं. नुसतं घरी राहून, भावंडांशी भांडून, गणितात नापास होऊन मोठं होणारं कुणी दिसेना. बहीण एकदा म्हणाली होती ते मला तिथे आठवलं. पुस्तकातली लंगडी पोरगी कधी खोटं बोलत नाही, हे तिला पटत नसे. "मले तं रोज बोलाव लागते," असं म्हणून ती हसली होती.

मी स्वतः इतकी वर्षं वर्गात काय करत आले, हेही तिथेच उभ्या उभ्या आठवलं. असा धडा आला की मी खाली प्रश्न लिहून देते, या मुलीकडून आपण काय शिकतो? उत्तर ठरलेलं असतं, जिद्द. मुलं तो शब्द लिहितात, मी गुण देते. घरी जिची चाल मी पाहत नव्हते तिच्याकडून मी काय शिकले, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी तेच लिहिलं असतं.

तरी शोधल्यावर थोडी चांगली पुस्तकं मिळाली. कानाला मशीन लावणारी एक मुलगी, जी मशीन काढून ठेवते कारण तिला आजीची कटकट ऐकायची नसते. चाकाच्या खुर्चीतला एक मुलगा, जो शेजाऱ्यांच्या कैऱ्या चोरतो आणि पकडला जातो. मला फार आनंद झाला. जुनी चिकटलेली पुस्तकंही मी नव्या प्रतीत आणली, कारण मुलांना ती पाठ होती. पुस्तकांवर लावायला मी चिठ्ठ्या छापून घेतल्या, चिकटणाऱ्या कागदाच्या. वर तिचं नाव, खाली 'स्मृतिप्रीत्यर्थ', आणि मध्ये फोटो. फोटो अर्थात फ्लेक्सवरचाच. एका संध्याकाळी बसून मी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकेक चिठ्ठी सरळ, काळजीपूर्वक लावली.

आषाढी पौर्णिमेला, वर्षावासाच्या पहिल्या दिवशी, ती पुस्तकं विहाराला दिली. गावातल्या लोकांनी माझं कौतुक केलं. बहीण असावी तर अशी, असं एकजण म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं, आणि ते ऐकायला मला आवडलं.

दर रविवारी गावी येऊन मुलांचा तास आपण घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. पहिल्या रविवारी मुलं अर्धगोल करून बसली. त्यांत सातवीतली एक मुलगी होती. तिला सिकलसेल आहे. त्या आजाराने तिचा खुबा झिजला आहे, त्यामुळे ती एका बाजूला झुकत चालते, आणि दुखणं उठलं की शाळा बुडते. बहिणीच्या बोलण्यात ती नेहमी असायची. कारण मोठ्याने वाचणाऱ्यांत ही सगळ्यांत चांगली, आणि भांडणाऱ्यांतही. माझ्या बहिणीला मुलं ताई म्हणत. मला त्यांनी मोठ्या ताई केलं होतं.

मुलांनी त्यांचं आवडतं पुस्तक मागितलं. त्यातल्या कुंभाराच्या मुलीचा पाय वाकडा आहे. बाकीची मुलं रानात जातात, तिला खडकावर बसून शेळ्या मोजायचं काम दिलेलं. एके दिवशी एक शेळी कमी भरते. मोठी माणसं म्हणतात, तुझी मोजणी चुकली. ती म्हणते, माझी मोजणी चुकत नाही. आणि एकटी शोधायला निघते. तिला वेळ लागतो, फार वेळ लागतो, पण अंधार पडायच्या आत ती शेळीला घेऊन परत येते आणि आईवर चिडते, की जेवण झाकून का ठेवलं नाही. मी वाचत गेले. चिडण्याचं वाक्य झालं तशी मुलं उठायला लागली. मी म्हणाले, अजून एक पान आहे. कुणी बसलं नाही, कुणी गेलंही नाही. तशीच अर्धवट उठलेली ती माझ्याकडे पाहत राहिली.

शेवटच्या पानावर वनदेवी येते. मुलीच्या धाडसावर ती प्रसन्न होते, पायाला हात लावते, पाय सरळ होतो आणि मुलगी वाऱ्यासारखी धावत सुटते. मी ते वाचलं.

सातवीतली मुलगी म्हणाली, "मोठ्या ताई, याचं शेवटचं पान काऊन मोकळं आहे?"

मी सांगितलं, जुनी प्रत ओलीने चिकटली होती, ही नवी आहे. मुलांत खसखस पिकली.

"ओलीनं नाई," ती म्हणाली. "ताईनं चिकटवलं. खळ लावून."

मग मुलांकडून मला कळलं. गव्हाच्या पिठाची खळ बहीण घरूनच वाटीत करून आणायची. ज्या पुस्तकाचं शेवटचं पान तिला पटत नसे, ते ती मुलांसमोर कव्हराला चिकटवून टाकायची. पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, असं काऊन. तर ती म्हणाली होती, शेवटच्या पानावर या पुस्तकाले लाज वाटली. त्या पानावर काय आहे हे मुलांना माहीत नव्हतं असं नाही. पान उन्हात धरलं की अक्षरं दिसत, आणि प्रत्येकाने कधी ना कधी धरून पाहिलं होतं. तरीही शेळी सापडली, आईवर चिडून झालं, की ती उठत. त्यांच्या लेखी गोष्ट तिथे संपत होती.

एवढं बोलणं चाललेलं असताना एका लहानगीने पुस्तक पुढून उघडलं. चिठ्ठीकडे तिने पुष्कळ वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "मेल्यावर पाय सरळ होते का वो?"

तिला कुणीतरी कोपराने ढोसलं. मी म्हणाले, तसं काही नसतं, ते फोटोवाल्याने केलं आहे. हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

सातवीतल्या मुलीने पुस्तक आपल्याकडे ओढलं. चिठ्ठीवरच्या त्या दोन सारख्या पावलांवर तिने बोट ठेवलं. ती रागाने बोलली नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"तुमाले बी लाज वाटली का?"

मोठ्यांच्या वाचनाला बायका यायला लागल्या होत्या, सतरंजी सरकवायची होती. मी ती सरकवत राहिले.

पुढच्या रविवारी ती मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्याही. दुखणं उठलं असेल असं समजून मी आईला विचारलं. आई तिच्या आईबरोबर रोवणीला जात होती. दुखणं नव्हतं. मुलगी शाळेत जात होती, घरी वाचतही होती. फक्त विहारात जायचं नाही म्हणत होती. तिच्या आईने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, तिथं आता माझं काय काम. आईने मला हे बांधावरची दुसरी कुठलीही बातमी सांगावी तसं सांगितलं. माझ्या बहिणीने जमवलेला तो अर्धगोल मी आल्यावर मोडायला लागला होता, आणि त्यातून सगळ्यांत आधी तीच उठून गेली होती.

ब्रह्मपुरीला परत गेल्यावर मी फोटोवाल्याकडे गेले. म्हटलं, फोटो दुरुस्त करायचा आहे, पाय होता तसा पाहिजे. त्याला काही कळेना. कुणी बिघडवून मागत नाही, असं तो म्हणाला, आणि त्याच्याकडे तसं अंग नव्हतं. मग त्यालाच युक्ती सुचली. चण तर सारखीच दिसते, तुम्हीच उभ्या राहा, मी चेहरा लावून देतो. मी पडद्यासमोर उभी राहिले. डावा हात मांडीवर दाबला, जरा वाकले, वजन तिकडे टाकलं. समोरच्या आरशात मी स्वतःला पाहिलं. ती माझी बहीण नव्हती. शाळेच्या रस्त्यावर तिच्या मागून पोरं अशीच चालून दाखवायची, अगदी अशीच. हात कुठे दाबायचा, किती, आधी की पाऊल टाकताना, हे मला नीट ठाऊकच नव्हतं. मी हात काढून घेतला आणि पडद्यासमोरून बाजूला झाले.

चौकातला फ्लेक्स उतरवू या, असं आईला सांगून पाहिलं. त्याच फोटोच्या घरातल्या फ्रेमबद्दलही बोलले. आईने फ्रेमची काच पदराने पुसली. मग म्हणाली, "जिवंतपणी मी तिले कधी धड उभी पाह्यली नाई. आता राहू दे." तिच्याशी वाद घालायचा मला अधिकार होता असं वाटलं नाही. तिचं निदान सरळ दुःख होतं. माझ्यात दुःखाबरोबर दुसरंही काही होतं, आणि ते कोणतं हे सातवीतल्या मुलीने ओळखलं होतं.

चिठ्ठ्या काढायला गेले तर निघेनात. एक ओढली तर पान फाटलं. शेवटी सगळी पुस्तकं पोत्यात भरून, पांढरा कागद आणि वाटीभर खळ घेऊन मी त्या मुलीच्या घरी गेले. ती अंगणात बसून धुतलेले मुगाचे दाणे सुपात पसरत होती. मला पाहून उठली नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "हो. वाटली होती."

तिने सूप बाजूला ठेवलं. मला माफ केल्यासारखं काही ती बोलली नाही. तिने माझ्या वाटीत बोट बुडवून पाहिलं आणि सांगितलं की खळ पातळ झाली आहे, यात कागद धरणार नाही, अजून पीठ टाकून शिजवावी लागेल. तिच्या चुलीवर आम्ही ती पुन्हा शिजवली. मग मी कागदाच्या पट्ट्या कापून देत गेले आणि ती चिठ्ठ्यांवर लावत गेली. गळ्यापासून खाली सगळं झाकलं, वर फक्त चेहरा ठेवला. चेहरा बहिणीचाच होता, साक्षगंधातला, जरा हसण्याच्या बेतातला. काम चालू असताना तिने मला एकदाच विचारलं, ताई फोटोत कुठी बसली होती? मी सांगितलं, सतरंजीवर. तिने मान हलवली.

सगळ्या चिठ्ठ्या झाल्यावर वाटीत थोडी खळ उरली. शेवटची पानंही चिकटवून टाकू या का, असं मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "आमाले थांबता येते."

पुढच्या रविवारी तीच वाचायला बसली. मी मुलांत बसले. शेळी सापडली, अंधार पडायच्या आत मुलगी घरी आली, जेवण झाकून ठेवलं नाही म्हणून चिडली. तिथे तिने पुस्तक मिटलं आणि माझ्या बहिणीच्या सुरात म्हणाली, "पुढं काई नाई, जेवाले जा." मुलं उठली.

फ्लेक्स अजून चौकात आहे. त्याचा रंग उडत चालला आहे, पण पाय तसेच आहेत, आणि जीपमधून उतरले की मला त्याच्याखालूनच जावं लागतं. घरात आई रोज संध्याकाळी त्या पांढऱ्या साडीतल्या अंगापुढे मेणबत्ती लावते. मीही हात जोडते.

तिने वाचलं त्या रविवारी मुलं गेल्यावर ती मुलगी सगळ्यांत शेवटी निघाली. विहाराच्या पायऱ्यांशी आली, भिंतीला हात टेकवला, आणि एक एक पायरी अंग तिरपं करत उतरू लागली. मी सवयीने नजर दुसरीकडे वळवली. मग नजर परत आणली, आणि ती मुलगी खाली पोचेपर्यंत तिच्यावरून काढली नाही. तिने वळून पाहिलं, आणि मी पाहते आहे हे तिला दिसलं.